पट्टीवर दोन रेघा आल्या आणि ड्यूटी रेडिओथेरपीत आहे

आमच्या विभागात एखाद्या सिस्टरला दिवस गेलेत हे मला बहुतेक वेळा चहावरून कळतं. राउंडनंतरचा चहा ती दोन दिवस परत पाठवते, तिसऱ्या दिवशी मला औषधांच्या खोलीत गाठते, दार लोटते आणि आवाज खाली आणून विचारते, "ताई, मी इथंच राहू की बदली मागू?"

माझ्या वेळी मी हा प्रश्न कुणालाच विचारला नाही, आणि तिथेच चुकले. त्याबद्दल पुढे सांगते. मी फिजिसिस्ट नाही. रेडिओथेरपीची, म्हणजे कॅन्सरवर किरणांनी उपचार करणाऱ्या विभागाची, इन्चार्ज सिस्टर आहे आणि माझी दोन्ही बाळंतपणं याच विभागात नोकरी करताना झाली. औषधांच्या खोलीत जे तोंडी सांगते तेच इथे लिहितेय, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

आधी कळव, मग काय घाबरायचं ते घाबर

तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत. नात्यागोत्यात ती खुशाल पाळ. पण आरएसओ, म्हणजे आपला किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, हा काही चुलत सासरा नाही. बाळाचे अवयव घडतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, आणि मेंदूच्या दृष्टीने किरणांना सगळ्यात नाजूक काळ आठव्या ते पंधराव्या आठवड्याचा. तीन महिने गप्प बसलीस तर जो काळ सांभाळायचा तोच निघून जातो.

किरणोत्सार संरक्षणाच्या २००४ च्या नियमांत हे आहेच: आपण गरोदर आहोत असं समजलं की महिला कर्मचाऱ्याने संस्थेला आणि आरएसओला कळवायचं, म्हणजे कामात लागेल तो बदल करता येतो. आणि कळवलं म्हणून कामावरून दूर करता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांत स्वच्छ लिहिलेलं आहे. काम बदलून द्यायची जबाबदारी संस्थेची.

मी पहिल्या वेळी चौदाव्या आठवड्यापर्यंत तोंड उघडलं नाही. कारण फार क्षुल्लक होतं. आमच्याकडे तेव्हा 'रेडिएशन नको' म्हणणारीला कॅज्युअल्टीच्या नाइटला टाकायची पद्धत होती, आणि मला नाइट नको होती.

तोंडी सांगून थांबू नकोस. अर्ज कर. मुलींना मी हाच मसुदा देते (त्यातला टीएलडी बॅज म्हणजे अंगाला लागलेले किरण मोजणारा, छातीवर लावायचा बिल्ला):

"प्रति, विभागप्रमुख, रेडिओथेरपी. विषय : गरोदर असल्याचे कळविणे व कामाच्या स्वरूपात बदल मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या विभागात स्टाफ नर्स म्हणून कार्यरत असून माझा टीएलडी बॅज क्रमांक अमुक आहे. मी गरोदर असून शेवटच्या पाळीची तारीख अमुक आहे. तरी नियमानुसार माझ्या कामात आवश्यक तो बदल करावा व गर्भावरील डोसची नोंद ठेवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती. प्रत : आरएसओ, मेट्रन."

आवक नंबर टाकून घे, पोच घे, पोच घरी ठेव. विभागातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली पोच नेमकी लागते त्या दिवशी सापडत नाही.

आता आकडा. तो मिलिसीव्हर्टमध्ये, म्हणजे अंगाला लागलेल्या किरणांच्या मापात सांगतात. बॅज लावणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० ही मर्यादा आहे. सामान्य माणसाला वर्षाला १. तू कळवलंस की त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत पोटातल्या जिवाला १ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. बॅज तू लावलास, त्याने नाही. त्याला पब्लिकमधलाच धरायचं, असा तो हिशोब. हा एक किती, ते कळण्यासाठी: माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. आणि गर्भात व्यंग किंवा मेंदूवर परिणाम दिसू लागतो तो साधारण १०० मिलिसीव्हर्टच्या पुढे. म्हणजे आपली रेघ त्या धोक्याच्या शंभर पावलं अलीकडे ओढलेली आहे. एखाद्या दिवशी चुकून कुठे उभी राहिलीस म्हणून रात्रभर रडत बसू नकोस आणि कुणी घाईने 'खाली करून टाक' म्हटलं तर ऐकू नकोस. आधी आरएसओकडून डोस काढून घे.

पेशंटच्या अंगात काही आहे का?

हा एकच प्रश्न प्रत्येक पेशंटबद्दल विचारायचा. बाकीचं सगळं त्याच्या उत्तरावरून ठरतं. आपल्या लोकांची भीती मात्र नेमकी उलटी वाटलेली असते. लिनॅकवरून उतरलेल्या पेशंटपासून चार हात लांब उभ्या राहतात आणि किरणोत्सारी आयोडीन दिलेल्या पेशंटची लघवीची पिशवी उचलतात!

लिनॅक म्हणजे बाहेरून किरण देणारं, विजेवर चालणारं यंत्र. बटण बंद, किरण बंद. दिवा मालवल्यावर भिंतीवर उजेड उरत नाही, तसंच. पेशंट बाहेर आला की तो तुझ्यामाझ्यासारखाच. त्याला हात लाव, ड्रेसिंग कर, घशाला फोड आलेत ते बघ, राइल्स ट्यूब घाल. माझ्या दुसऱ्या वेळी, सातव्या महिन्यात, अंबडकडच्या एक आजी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी लाइट, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यायला यायच्या. मी बीपी घ्यायला पुढे झाले की त्या हात पदराखाली ओढून घ्यायच्या. "लांब हो लेकरा, लाइट घिऊन आलेय मी. पोटातल्याला बाधंल." घरी नातवालाही पंधरा दिवस जवळ घेतलं नव्हतं त्यांनी. मी त्यांचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. बाळानं त्याच वेळी लाथ मारली, आणि आजी इतक्या दचकल्या की बीपी पुन्हा घ्यावं लागलं. पेशंटला हे समजावणं तुझंच काम आहे, आणि ते करायला तुझ्या पोटाइतका चांगला पुरावा नाही.

लिनॅकच्या खोलीत पेशंटला टेबलावर घेणं, मास्क लावणं, भूल दिलेल्या लेकराला उतरवणं, हे सगळं करता येतं. जपायचं ते बाहेर पडताना: खोलीत कुणी नाही ना ते बघ, 'लास्ट मॅन आऊट'चं बटण दाब, दार लागू दे. सीटी सिम्युलेटर, म्हणजे उपचाराची आखणी करायला स्कॅन काढायचं यंत्र, त्याचंही तेच. पेशंट हलतो म्हणून आत थांबून धरायला सांगितलं तर नाही म्हण. नातेवाइकाला एप्रन देऊन थांबवतील, नाहीतर भूल देतील. ते तुझ्यावर येता कामा नये.

कोबाल्ट मशीन जरा वेगळं. भाभाट्रॉन असो की जुनं आयात केलेलं, त्याच्या डोक्यात कोबाल्ट-६० चा सोर्स, म्हणजे किरण देणारा तुकडा, कायम जिवंत असतो. बंद असताना तो फक्त आच्छादनात मागे गेलेला असतो. थोडी गळती असतेच. ती नियमात बसते, पण मशीनच्या डोक्याला टेकून गप्पा मारायच्या नाहीत आणि पेशंट उतरवला की खोलीत रेंगाळायचं नाही. पोझिशनिंगचं काम पूर्ण दिवस तुझ्याकडे असेल तर ते वाटून घ्या.

ब्रॅकीथेरपीत, म्हणजे सोर्स शरीराच्या आत गाठीजवळ नेऊन देतात त्या उपचारात, आता बहुतेक ठिकाणी एचडीआर, म्हणजे थोड्या वेळात जास्त डोस देणारं यंत्र, आहे. इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याएवढा सोर्स तारेच्या टोकाला असतो, यंत्र तो अॅप्लिकेटरमध्ये, म्हणजे पेशंटच्या अंगात बसवलेल्या पोकळ नळीत, ढकलतं, काही मिनिटं ठेवतं आणि परत तिजोरीत ओढून घेतं. सोर्स तिजोरीत परत गेला की पेशंट मोकळा. थिएटरमध्ये अॅप्लिकेटर घालताना, काढताना, पॅकिंग काढताना काही किरण नाहीत. तरी एक गोष्ट सोडायची नाही: दर ट्रीटमेंटनंतर किरण मोजणारं हातातलं सर्व्हे मीटर पेशंटला लावलंच पाहिजे. आणि ते लावायला आत जाणारी व्यक्ती तू असू नयेस. 'मीटर लावलं का?' एवढं विचारून मगच पुढे हो.

का, ते सांगते. १९९२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका वृद्ध बाईच्या उपचारात इरिडियमचा सोर्स तारेपासून तुटला आणि तिच्या अंगातच राहिला. खोलीतला मॉनिटर धोका दाखवत होता, पण तो उगाच वाजतो असं समजून कुणी मनावर घेतलं नाही. हातातलं मीटर कुणी लावलं नाही. बाई नर्सिंग होममध्ये परत गेली आणि पाच दिवसांनी वारली. तोवर तिचं अंथरूण बदलणाऱ्या, तिला भेटायला येणाऱ्या अशा ९४ जणांना किरण लागले. 'आमचा मॉनिटर असाच वाजतो' हे वाक्य कुणी बोललं की मला ती बाई आठवते.

जुन्या पद्धतीचं, म्हणजे सीझियमच्या नळ्या दोन-तीन दिवस अंगात ठेवण्याचं काम कुठे चालू असेल, किंवा डोळ्याच्या गाठीवर रुथेनियमची चकती शिवलेली असेल, प्रोस्टेटमध्ये आयोडीन-१२५ चे दाणे असतील, तर उत्तर 'हो, अंगात आहे' असं येतं. तिथे तुझी ड्यूटी नको. विषय संपला.

आयोडीनचा वॉर्ड

थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ देतात. हे मी लांबवून सांगणार आहे, कारण खरा धोका इथे आहे आणि नेमकी इथली ड्यूटी 'हलकी' समजली जाते. पेशंट चालता-फिरता, धडधाकट. ना सलाइन, ना ड्रेसिंग. मग गरोदर सिस्टरला कुठे टाकायचं? आयोडीनला! हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पेशंटला १०० मिलिक्युरी (हे किरणोत्सारी औषधाचं माप) दिली असेल तर सुरुवातीला एक मीटरवर तासाला साधारण ०.२ मिलिसीव्हर्ट येतात. पाच तास तिथे बसलीस की नऊ महिन्यांचा कोटा संपला. आता अंतराची जादू बघ. दोन मीटरवर गेलीस की ०.२ चा चौथा भाग, ०.०५. तीन मीटरवर नववा भाग. उलट अर्ध्या मीटरवर, म्हणजे खाटेच्या कडेला, चौपट: ०.८. म्हणून दारातून बोलायचं, इंटरकॉमवर बोलायचं, जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं. एक पाऊल मागे घेणं हे फुकटचं शिसं आहे.

पण अंतराने सुटतो तो अर्धा धोका. दुसरा अर्धा अंगाला चिकटतो. हे आयोडीन पेशंटच्या लघवीतून, लाळेतून, घामातून बाहेर पडतं आणि बरंचसं पहिल्या दोन दिवसांत. बाथरूमची कडी, नळ, उशीचा अभ्रा, कॉलबेलचं बटण, सगळ्यावर ते असू शकतं. ते तुझ्या हाताला लागलं, हात तोंडाला गेला, की ते तुझ्या रक्तात आणि तिथून वारेतून बाळाकडे. बाळाचा थायरॉइड साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढायला लागतो. तेवढीशी ती ग्रंथी, त्यात हे आयोडीन. आठ दिवसांनी कुठे निम्मं होणार. बाहेरून लागलेला किरण निघून जातो. पोटात गेलेलं आयोडीन तिथे घर करतं.

त्यामुळे गरोदर सिस्टरने आयोडीनच्या वॉर्डात जायचं नाही. डोस देताना नाही, लघवीचं भांडं, पिशवी, चादर उचलायला नाही, रक्त काढायला नाही. ल्युटेशियम-१७७ या दुसऱ्या किरणोत्सारी औषधाच्या पेशंटचंही हेच. त्याचे किरण आयोडीनपेक्षा सौम्य असतात, पण लघवीचा प्रश्न तसाच आहे.

डिस्चार्ज झालेला आयोडीनचा पेशंट चार दिवसांनी उलट्या होतात म्हणून साध्या वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा फसगत होते. त्याच्याकडे डिस्चार्जचं कार्ड असतं, त्यावर तारीख आणि डोस असतो. कॅन्सरच्या कुठल्याही पेशंटला घेताना मी सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावलंय: "गेल्या महिन्याभरात कुठलं किरणांचं औषध प्यालात का, गोळी घेतलीत का, सुई घेतलीत का?" 'आयोडीन' म्हटलं तर लोकांना मीठ आठवतं, म्हणून असं विचारायचं.

स्कॅनचा पेशंटही लक्षात ठेव. पेट स्कॅनसाठी दिलेलं फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे स्कॅनहून आलेल्या पेशंटचं रक्त लगेच काढायची घाई नको. चार तास गेले की पाचवा हिस्साच उरतो. त्यातून शहाणपण असं, की रक्त सकाळीच, स्कॅनला जायच्या आधी काढून घ्यायचं. बोन स्कॅनचं टेक्नेशियम सहा तासांनी निम्मं होतं. संध्याकाळी कर त्याचं काम.

शिशाच्या एप्रनचा भ्रम

चौदा आठवडे मी गप्प होते तेव्हा ब्रॅकीच्या थिएटरमध्ये मी दोन एप्रन घालून उभी राहायचे. एकावर एक. रात्री कंबर धरून रडायचे, पण वाटायचं बाळ शाबूत आहे. आरएसओ सरांना कळलं तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि एका चिठ्ठीवर त्यांनी मला गणित करून दाखवलं.

एप्रनमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर शिसं असतं. ते एक्स-रे आणि सी-आर्मच्या किरणांसाठी चांगलं आहे, तिथे घालच. पण आयोडीन-१३१ चा किरण निम्मा करायला सुमारे तीन मिलिमीटर शिसं लागतं. म्हणजे तुझा एप्रन शंभरातले फार तर दहा-अकरा अडवणार. इरिडियमचं गणित जवळपास तसंच. कोबाल्टला तर निम्मं करायलाच बारा मिलिमीटर. आणि ब्रॅकीच्या थिएटरमध्ये अॅप्लिकेटर घालताना सोर्स नसतोच, म्हणजे मी चौदा आठवडे सात-आठ किलो ओझं अंगावर घेऊन हवेपासून स्वतःला वाचवत होते. एप्रन घातला म्हणून बाई जास्त वेळ आणि जास्त जवळ उभी राहते, हा वेगळाच तोटा. कंबर आणि ओटीपोट हे गरोदरपणात जपायचे अवयव आहेत. त्यांच्यावर फुकटचं शिसं टांगू नकोस.

बॅज

आता माझी खरी नाचक्की. कळवल्यानंतर काही आठवड्यांनी त्या तिमाहीचं बॅजचं रीडिंग आलं. दोन अंकी मिलिसीव्हर्ट! हातात तो कागद धरून मी स्टोअरच्या स्टुलावर बसले आणि उठता येईना. नवऱ्याला फोन केला, तोही गप्प. सरांनी तासभर मला प्रश्न विचारले. कुठे उभी असतेस, किती वेळ, बॅज कुठे लावतेस, रात्री कुठे ठेवतेस. शेवटी त्यांनी विचारलं, "एप्रन काढून कुठे टांगतेस?"

एप्रन मी एचडीआरच्या खोलीतल्या खुंटीला टांगायचे. बॅज एप्रनलाच लावलेला. मी बाहेर कन्सोलजवळ, आणि माझा बॅज आत, प्रत्येक पेशंटची ट्रीटमेंट घेत तीन महिने भिंतीला लटकत होता. बॅजने तक्रार न करता सगळं मोजलं. चौकशीचा फॉर्म भरला, लेखी खुलासा दिला, आणि तो डोस माझा नाही हे मान्य व्हायला बरेच दिवस लागले. मधल्या काळात सासूबाईंनी माझ्या उशाखाली कोयता ठेवला होता. ग्रहणात विळी धरू नकोस म्हणणारी माणसं. त्यांना मी टीएलडी काय समजावणार!

तर बॅज छातीवर लाव, एप्रन घातलाच तर त्याच्या आत. एप्रनवर कधीच नाही. ड्यूटी संपली की किरणांच्या खोलीपासून लांब, ठरलेल्या स्टँडवर. युनिफॉर्मच्या खिशात विसरून धुवायला टाकू नकोस. स्वतःचा एक्स-रे काढायची वेळ आली तर बॅज काढून ठेव. दुसरीचा बॅज लावू नकोस, आपला देऊ नकोस.

गरोदरपणात तीन महिन्यांनी येणारं रीडिंग म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड. म्हणून आरएसओकडे पॉकेट डोसिमीटर माग. तो पोटाच्या पातळीवर, ओटीपोटावर लाव आणि रोज ड्यूटी संपताना आकडा वहीत लिही. दोनशे पानी वही पुरेशी. तारीख, ड्यूटी कुठे, आकडा, सही. लिनॅकच्या बाजूला काम करणाऱ्या मुलींच्या वहीत आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपासचे आकडे दिसतात, आणि त्या वहीइतकी शांत झोप दुसऱ्या कशाने येत नाही.

गडबड झाली तर

एचडीआरचा सोर्स अडकला, तर तू आत जायचं नाहीस. इथे धाडसाला जागा नाही. दहा क्युरीचा इरिडियम एक मीटरवर तासाला चाळीसेक मिलिसीव्हर्ट देतो. दीड मिनिटात तुझा सगळा कोटा. इमर्जन्सीच्या यादीत तुझं नाव असेल तर ते अर्जाबरोबरच काढायला लाव आणि त्या जागी कोणाचं टाकलं ते डोळ्याने बघ. दार लाव, आरएसओला आणि डॉक्टरांना फोन लाव, वेळ लिहून ठेव. बाहेर राहून करायचं कामही लागतंच कुणीतरी.

आयोडीनच्या पेशंटची लघवी सांडली तर तू बाहेर हो, दुसऱ्यांना तिथून चालू देऊ नकोस, आरएसओला बोलाव. पुसायला धावू नकोस. सांडलेलं पुसायला धावणं हा आपल्या बायकांचा जुना रोग.

आणि आयोडीनच्या खोलीत पेशंट कोसळला आणि जवळपास फक्त तूच असशील तर? हे मला एका मुलीने विचारलं होतं आणि मी आरएसओ सरांकडे नेलं. आत जा. ग्लोव्ह्ज चढव, मदत बोलाव, सीपीआर सुरू कर. अगदी जवळ, फूटभर अंतरावर, पाच मिनिटांत साधारण ०.२ मिलिसीव्हर्ट. दुसरा कुणी आला की त्याच्या हाती दे, बाहेर ये, हात धू, कपडे बदल, मीटरखाली उभी राहा. तो डोस वहीत लिही. पेशंट मरू द्यायला लागेल एवढा तो आकडा नाही.

ज्याची कुणी भीती घालत नाही

सर्व्हायकलच्या, घशाच्या बऱ्याच पेशंटना लाइटबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन चालू असतं. किरणांच्या नावाने सगळे घाबरवतात आणि तीच मुलगी उघड्या हाताने केमोची सलाइन जोडते. ही औषधं गर्भाला थेट अपायकारक आहेत. औषध तयार करणं, जोडणं, सांडलेलं पुसणं तुझ्याकडे नको. केमोनंतर निदान दोन दिवस त्या पेशंटची लघवी, उलटी, चादर हाताळायची वेळ आलीच तर दोन जोड ग्लोव्ह्ज आणि गाऊन. मला विचारशील तर रेडिओथेरपीच्या वॉर्डात लिनॅकपेक्षा केमोची ट्रॉली तुझ्या बाळाला जास्त जवळची आहे. त्यात पेशंट उचलणंही आलं; ते मामांना आणि ब्रदरना करू दे.

आणि आपल्या मावशी. त्या कंत्राटावर असतात, बऱ्याच जणींच्या छातीवर बॅज नसतो, आयोडीनचं बाथरूम मात्र त्यांच्याच हाती येतं. तुझ्या अर्जाने तुझी ड्यूटी बदलेल. मावशीला दिवस गेलेत हे तिच्या मुकादमाला कळतं तेव्हा सातवा महिना असतो. ती तुझ्याशी बोलते, साहेबांशी बोलत नाही. तिचा अर्जही तूच लिहून दे, अंगठा किंवा सही घे, आणि तुझ्याबरोबर आत नेऊन दे. मी एकदा दिला तेव्हा कारकुनाने विचारलं, "हिला कशाला पाहिजे, ही कुठे रेडिएशनमध्ये आहे?" मी त्याला तिच्याबरोबर ते बाथरूम धुवायला बोलावलं. अर्ज घेतला त्याने.

रजेवर जाताना

बॅज जमा कर आणि रजिस्टरमध्ये नोंद बघ, नाहीतर तो तुझ्या नावाने कुठेतरी पडून राहतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा चौकशीचा फॉर्म येतो. वहीची झेरॉक्स आरएसओकडे, मूळ वही घरी.

सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर परत येशील तेव्हा बाळ अंगावर पीत असेल. लिनॅक, ओपीडी, एचडीआरचं थिएटर, सगळं करायला मोकळी आहेस. आयोडीन मात्र शरीरात गेलं तर दुधातून उतरतं. म्हणून बाळ पितंय तोवर त्या वॉर्डात आणि ल्युटेशियमच्या ड्यूटीला जायचं नाही. यासाठी वेगळा अर्ज लागतो. मसुदा वरचाच घे, विषयाची ओळ बदल, आणि याचीही पोच घे.